अपंगांचें स्वयंपाकघर व तेथील साधनांची निवड

घरांतील एखादें माणूस आजारानें, अपघातानें अथवा जन्मतःच अपंग असलें, म्हणजे त्याच्या औषधपाण्याची, कुबड्यांची, चाकांच्या खुर्चीची तजवीज घरची मंडळी आपल्या ऐपतीप्रमाणें करितात. कोणी न्हाणीघराचा उंबरा काढून टाकितात, कोणी जिन्यास कठडा बसवितात. स्वयंपाकघराचा विचार मात्र बहुधा सर्वांच्या शेवटीं होतो, आणि पुष्कळ घरीं तो होतच नाहीं. "तिला काय करायचें आहे तेथें? आम्ही आहोंतच कीं वाढायला!" असें प्रेमानें म्हटलें जातें. हें प्रेम खरें असतें यांत शंका नाहीं. परंतु चाळीस वर्षें जिनें घराला जेवूं घातलें, त्या बाईस अर्धांगवायूच्या एका झटक्यानंतर घोटभर चहासाठीं सुनेची वाट पाहात बसावें लागतें. आणि ज्या मुलास दिसत नाहीं तो पंचवीस वर्षांचा झाला तरी त्याला साधा भात लावतां येत नाहीं, कारण शेगडीजवळ त्यास कोणीं कधीं जाऊंच दिलेलें नसतें. पुढें आईबाप थकतात, बहिणी आपापल्या घरीं जातात, आणि मग हा मुलगा दोन वेळच्या जेवणासाठीं कोणाच्या तोंडाकडे पाहणार, हा प्रश्न उभा राहातो.

इ. स. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत २ कोटी ६८ लक्ष अपंग माणसांची नोंद झाली. त्यांपैकीं सुमारें २९ लक्ष ६३ हजार महाराष्ट्रांतील होतीं. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानिले आहेत. सरकारी कागदांत आतां 'दिव्यांग' असा शब्द लिहितात. शब्द कोणताहि योजावा. ज्यास भूक लागली आहे त्याला शब्दापेक्षां हातास जुळणारी शेगडी अधिक उपयोगी पडते. म्हणून विजेचीं व गॅसचीं साधनें घेतांना काय पाहावें, याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं सांगण्याचें येथें योजिलें आहे. 'खास अपंगांसाठीं' म्हणून केलेला माल आपल्या बाजारांत फारसा मिळत नाहीं, व मिळाला तर तो महाग असतो. सुदैवानें त्याची गरजहि थोड्याच ठिकाणीं पडते. नेहमींच्या दुकानांतील नेहमींच्या मालांतून बरोबर ती वस्तु उचलणें हेंच खरें काम. परंतु तें नीट पाहून केलें नाहीं तर पैसे जातात आणि वस्तु फडक्याखालीं झांकून राहाते.

निवडीचा आरंभ घरच्या ओट्याजवळ होतो. ज्याच्यासाठीं साधन घ्यावयाचें त्यास एखादें काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करावयास सांगावें, आपण मध्यें हात घालूं नये, आणि काम नेमकें कोठें अडतें तें पाहावें. कुकर लावणें हें आपण एक काम म्हणून बोलतों. वास्तविक तीं दहाबारा कामें आहेत. डबा खालच्या फळीवरून काढणें, तांदूळ मोजणें, धुणें, नळाखालीं भांडें धरणें, भरलेला कुकर उचलून शेगडीवर ठेवणें, झाकण बसविणें, शिट्टी ठेवणें, गॅस पेटविणें, शिट्ट्या मोजणें, गॅस बंद करणें, वाफ जिरल्यावर झाकण काढणें, आणि आंतील चटके देणारे डबे बाहेर घेणें. या साखळीची एक कडी तुटली कीं सगळें काम तुटतें; परंतु कडी एकच तुटलेली असते, हें लक्षांत ठेवावें. कोणती, हें कळल्यावांचून बाजारांत जाऊं नये.

माझ्या परिचयाच्या एका घरीं आईची उजवी बाजू लुळी पडली होती. परगांवीं असलेल्या मुलानें मोठ्या हौसेनें विजेचा एक कुकर पाठविला. त्यावर बटणें बारा. आईस अडचण येत होती ती दोन ठिकाणीं. पाण्यानें भरलेलें भांडें मोरीपासून शेगडीपर्यंत नेणें तिला जमत नसे, आणि झाकण फिरवितांना खालचें भांडेंहि सोबत फिरे. नव्या कुकरानें यांपैकीं एकहि अडचण दूर झाली नाहीं, कारण त्याचेंहि झाकण फिरवूनच बसवावें लागे. पुढें शेजारच्या एका व्यवसायोपचार जाणणाऱ्या मुलीनें येऊन पाहिलें. तिनें भांड्याखालीं रबरी जाळीचा तुकडा घातला, रिकामें भांडें आधीं शेगडीवर ठेवून त्यांत लहान तांब्यानें पाणी ओतावयास शिकविलें, आणि रोजच्या भातासाठीं नुसतें वर ठेवावयाच्या कांचेच्या झाकणाचें पातेलें काढून दिलें. सगळा खर्च दोनशें रुपयांच्या आंतला. बारा बटणांचा कुकर अजून कपाटांत आहे.

व्यवसायोपचार म्हणजे काय, हें आपल्याकडील पुष्कळ पालकांस ठाऊक नसतें. दुखण्यांतून उठलेल्या अथवा अपंग माणसास अंघोळ, कपडे, स्वयंपाक, लेखन अशीं रोजचीं कामें पुन्हा करतां यावींत यासाठीं शरीराचा सराव, कामाची रीत व साधनें या तिहींचा मेळ घालून देणारी ही विद्या आहे. आपल्या देशांत तिची पहिली शाळा इ. स. १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत श्रीमती कमला निंबकर यांनीं काढिली. या बाई मूळच्या अमेरिकन. त्यांचें माहेरचें नांव एलिझाबेथ लंडी. निंबकरांशीं विवाह करून त्या येथल्याच झाल्या. आज मोठ्या सरकारी रुग्णालयांतून हे उपचार करणारे तज्ज्ञ असतात, आणि मुंबईस हाजी अलीजवळ पुनर्वसनाची एक अखिल भारतीय संस्थाच आहे. हजारों रुपयांचें साधन घेण्यापूर्वीं अशा माणसाचा अर्धा तास मिळविणें फायद्याचें ठरतें.

आतां एका हातानें काम करणारांविषयीं. दोन हात असलेल्यांस एक गोष्ट सहसा उमगत नाहीं, ती ही कीं, स्वयंपाकांत एक हात काम करितो आणि दुसरा बहुधा नुसतें धरून ठेवितो. कणीक मळतांना परात धरणें, चिरतांना बटाटा धरणें, ढवळतांना कढईचा कान धरणें हें सर्व त्या दुसऱ्या हाताचें. तेव्हां जी वस्तु स्वतःच जागेवर घट्ट राहील ती या माणसाची. परातीखालीं ओलें फडकें पिळून घातलें तर ती सरकत नाहीं; हा उपाय आपल्या आजींसहि ठाऊक होता. मिक्सर वजनदार व खालीं रबरी पायांचा असावा. त्याचें भांडें एका हातानें खांचेंत बसतें कीं नाहीं, तें दुकानांतच रिकामें भांडें बसवून पाहावें. दोरी ओढून भाजी बारीक करण्याचें जें प्लॅस्टिकचें यंत्र हल्लीं घरोघर दिसतें, तें दिसावयास एका हाताचें, पण वापरावयास दोन हातांचें आहे. एकानें दोरी ओढावी तर दुसऱ्यानें तें दाबून धरावें लागतें. त्यापेक्षां वरून तळहातानें दाबलें असतां चालणारें विजेचें यंत्र बरें. गॅसची शेगडीहि तशीच. साध्या शेगडीस एका हातानें चावी दाबून फिरवावी लागते व त्याच वेळीं दुसऱ्यानें लायटर ओढावा लागतो. क्षणभर उशीर झाला तर गॅस सांचतो व भडका उडतो. चावी फिरवितांच आपोआप पेटणारी शेगडी येथें चैनीची नसून सुरक्षिततेची वस्तु आहे.

कुकराच्या झाकणाविषयीं दोन मतें आहेत. बाहेरून बसणारें झाकण फिरवितांना भांडें धरावें लागतें, हें वर आलेंच. आंतून बसणारें झाकण तिरकें करून भांड्यांत उतरविण्यास थोडें कौशल्य लागतें. परंतु तें एकदां साधलें कीं दोन्ही दांडे एकाच मुठींत आवळतां येतात. कोणतें जमतें तें ज्याचें त्यानें हातीं घेऊन ठरवावें. दुकानदारानें अथवा सुनेनें ठरवूं नये.

आपली विळी या बाबतींत मोठी गुणी वस्तु आहे. सुरी हलते आणि भाजी धरावी लागते. विळीचें पातें स्थिर असतें आणि भाजी एकाच हातानें त्यावर नेतां येते. पाश्चात्त्य देशांत एका हाताच्या माणसासाठीं खिळे लावलेली फळी देतात, त्यावर बटाटा खोंचून मग सुरीनें कापावयाचा. आपल्याकडे तोच हेतु निराळ्या रीतीनें साधलेला आहे. ज्यांस जमिनीवर बसवत नाहीं त्यांच्यासाठीं ओट्यावर घट्ट बसणारी विळीहि मिळते. मात्र ज्याचा हात कांपतो अथवा बधिर आहे त्याच्या हातीं विळी कदापि देऊं नये.

संधिवातानें बोटें आंखडलेल्यांस हात दोन असतात, पण त्यांत बळ नसतें. बारीक दांड्याची वस्तु घट्ट धरावी लागते, आणि धरण्यांतच सगळी कळ येते. अमेरिकेंत सॅम फार्बर नांवाच्या गृहस्थांच्या पत्नी बेट्सी यांस असाच त्रास होता, व साधें साल काढण्याचें सोलाणें त्यांच्या हातांत टिकत नसे. त्यावरून जाड, लंबगोल, रबरासारख्या मऊ मुठीचीं हत्यारें बनविण्याची कल्पना निघाली व तीं १९९० सालीं बाजारांत आलीं. मौज अशी कीं, धडधाकट लोकांनींच तीं अधिक घेतलीं. आपण घरींहि हें करूं शकतों: उलथन्याच्या, झाऱ्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचें रबर चढवावें अथवा कापडी पट्टी गुंडाळावी. विजेच्या साधनांत दुखऱ्या हाताचा मोठा शत्रु म्हणजे वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पावणेदोन लिटरची किटली काठोकाठ भरली तर किटलीसह अडीच किलोंच्या वर जाते, आणि तें सगळें वजन तिरक्या मनगटावर पडतें. अर्ध्या लिटरची घ्यावी व दोनदां पाणी तापवावें. एका लांब दांड्याच्या भांड्यापेक्षां दोन कानांचें लहान पातेलें केव्हांहि बरें.

दृष्टि नसलेल्यांविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण अलीकडील साधनांनीं सर्वांत अधिक अन्याय त्यांच्यावर केला आहे. पूर्वीं शेगडीला चावी होती, मिक्सरला फिरणारी कळ होती. कळ 'टक्' करून एकावर, दोनावर, तीनावर बसे, आणि बोटास व कानास दोहोंस कळे. आतां इंडक्शनच्या शेगडीवर, मायक्रोवेव्हवर, इतकेंच काय, धुण्याच्या यंत्रावरहि गुळगुळीत कांच असते, आणि त्या कांचेवर नुसता स्पर्श केला कीं काम चालतें. डोळस माणसास ती शोभिवंत वाटते. ज्यास दिसत नाहीं त्याच्या दृष्टीनें ती कोरी पाटी आहे. शिवाय बटण कोठें आहे म्हणून चांचपूं जावें तर चांचपतांना भलतेंच चालू होतें! म्हणून पहिला नियम हाच कीं, फिरणाऱ्या कळा अथवा दाबल्यावर खालीं जाणारीं बटणें असलेलेंच साधन घ्यावें. मायक्रोवेव्हमध्यें दोन गोल कळांचा साधा प्रकार अजून मिळतो, आणि बहुधा तोच सर्वांत स्वस्त असतो. महाग तें चांगलें ही समजूत येथें सपशेल खोटी पडते.

इंडक्शनची शेगडी मुळांत अंधांस फार सोयीची आहे. तींत ज्वाळा नाहीं, म्हणून पदर अथवा बाही पेटण्याची भीति नाहीं. भांडें उचललें कीं तापविणें थांबतें. कांच स्वतः तापत नाहीं, परंतु तापलेल्या भांड्यानें ती चटका बसण्याइतकी गरम राहाते, हें विसरूं नये. दाबावयाचीं बटणें असलेला नमुना निवडावा आणि दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा: चालू करतांच ही शेगडी दरवेळीं एकाच आंकड्यापासून सुरू होते काय? तसें असेल तर 'अधिक' चें बटण किती वेळां दाबलें हें मोजून उष्णता ठरवितां येते. बटणांवर नखांना लावण्याच्या रंगाचा जाड थेंब वाळवून उंचवटा करावा, म्हणजे बोटास तें सांपडतें. थेंब मोजकेच असावेत. सगळीकडे उंचवटे केले तर पुन्हा कोरी पाटीच झाली. भांडें वर्तुळाच्या मध्यावर बसलें आहे कीं नाहीं हें चालू करण्यापूर्वींच कडा चांचपून पाहावें. ॲल्युमिनियम, तांबें व पितळ यांचीं साधीं भांडीं या शेगडीवर तापत नाहींत. ज्याच्या बुडास लोहचुंबक चिकटतो तें भांडें चालतें. हृदयास गति देणारें यंत्र ज्याच्या छातींत बसविलेलें आहे त्यानें मात्र आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून ही शेगडी घेऊं नये.

चहा गाळतांना कप भरला हें कसें कळावें? कपाच्या कडेवर अडकवावयाचें एक लहानसें यंत्र असतें. त्याच्या तारांस पाणी लागलें कीं तें वाजतें. १९५२ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंधजन संघासारख्या संस्थांकडे अशा वस्तूंची चौकशी करावी. यंत्र नसलें तरी अडत नाहीं: आधीं कपानेंच पाणी व दूध मोजून घेतलें तर गाळल्यावर तें कपाबाहेर जात नाहीं. डब्यांस रबराच्या फिती घालाव्या, साखरेस एक, मिठास दोन. विद्यार्थिमित्रांनो, डोळे बांधून घरांत फिरून पाहण्याचा एक खेळ शाळांतून खेळवितात. त्यानें अर्ध्या तासांत भीति तेवढी शिकतां येते, स्वयंपाक नव्हे. ज्या अंध बाई वीस वर्षें स्वतः रांधून जेवतात त्यांच्याजवळ बसून पाहाल तर फोडणींतील मोहरी थांबल्याचा आवाज, कांदा परतल्याचा वास, उकळी फुटतांना भांड्याच्या कानास येणारा कंप यांवरून त्या किती काय ओळखतात तें कळेल.

बहिऱ्यांची अडचण घरच्यांच्या लक्षांतहि येत नाहीं, कारण त्यांचे हातपाय व डोळे शाबूत असतात. परंतु आपला सारा स्वयंपाक कानावर चाललेला आहे. डाळ तीन शिट्ट्यांची, बटाटे दोन शिट्ट्यांचे, अशीच भाषा आपण बोलतों. ज्यास ऐकूं येत नाहीं त्यानें घड्याळावर स्वयंपाक करावा. कुकराच्या आंत दाब चढला म्हणजे पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें व अन्न लवकर शिजतें. शिट्टी हें केवळ दाब चढल्याचें व अधिक वाफ सोडल्याचें चिन्ह. पहिली वाफ जोरानें निघाली व शिट्टी उचललेली दिसली कीं आंच बारीक करावी व तेथून मिनिटें मोजावीं. गजर कानाचा नसावा, अंगास जाणवणारा असावा. खिशांतील मोबाइल थरथरण्याची सोय येथें उत्तम काम देते. ठरल्या वेळीं आपण होऊन बंद होणारी विजेची शेगडी अथवा कुकर त्याहूनहि चांगला. गॅसगळतीची सूचना देणारें यंत्र बसवावयाचें तर आवाजाबरोबर दिवाहि लागणारें पाहावें. ज्यांची समज सावकाश आहे अशा मुलांनाहि हीं आपोआप बंद होणारीं साधनें फार हितकर होतात. त्यांच्यासाठीं मात्र एकच साधन, एकाच जागीं, एकाच क्रमानें वापरण्याचा नेम असावा.

बधिर हातांची गोष्ट निराळी आणि अधिक धोक्याची. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. कुष्ठरोग्यांचीं बोटें रोगानेंच झडतात असा समज त्या काळीं रूढ होता. रोग्यांची दिनचर्या बारकाईनें पाहून त्यांनीं दाखविलें कीं, रोगानें हाताची संवेदना जाते, आणि मग न दुखणाऱ्या भाजण्याकापण्यांनीं हात नासतो. तापलेलें भांडें उघड्या हातानें उचललें जातें, फोड येतो, तो कळत नाहीं, चिघळतो. आज कुष्ठरोग औषधानें बरा होतो. परंतु गेलेली संवेदना नेहमींच परत येते असें नाहीं, आणि पुष्कळ वर्षांच्या मधुमेहानेंहि हातपाय बधिर होतात. अशा घरीं साधन घेतांना एकच कसोटी लावावी: तापल्यावर हात जेथें जेथें पडेल तेथें धातु आहे काय? इंडक्शनवर ज्वाळा नसली तरी पोलादी पातेल्याचे पोलादी कान भाजतातच. लांकडी अथवा बेकेलाइटचे दांडे, बाहेरून प्लॅस्टिकचें कवच असलेली दुहेरी किटली, लांकडी मुठीची सांडशी घ्यावी. पोलादी पेल्यांतून चहा पिणें सोडावें. रोज रात्रीं दिव्याखालीं दोन्ही तळहात व बोटें पाहावींत, अथवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावींत.

चाकांच्या खुर्चींत बसून स्वयंपाक करणारांच्या बाबतींत मोजपट्टी हातीं घ्यावी. आपला ओटा सुमारें ३३ इंच उंच असतो. त्यावर गॅसची शेगडी ४ इंच, तिच्यावर ५ इंचांचें पातेलें. म्हणजे उकळणाऱ्या आमटीची कडा जमिनीपासून ४२ इंचांवर, बसलेल्या माणसाच्या खांद्याशीं आली! आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं, आणि उतूं गेलें तर अंगावर येतें. लोक ओट्याची उंची मोजतात. मोजावयाची ती भांड्याच्या कांठाची. अमेरिकेंतील नियमांप्रमाणें अशा माणसासाठीं कामाचा पृष्ठभाग ३४ इंचांहून उंच नसावा व त्याखालीं गुडघे जाण्यास निदान २७ इंच उंच मोकळी जागा असावी. आपल्याकडे २९-३० इंचांचें मजबूत टेबल, खालीं मोकळें, व त्यावर पातळ इंडक्शनची शेगडी हा साधा व स्वस्त तोडगा आहे. शेगडीच्या कळा पुढच्या बाजूस असाव्या, भांड्यावरून हात न्यावा लागूं नये. मायक्रोवेव्ह फ्रीजच्या डोक्यावर ठेवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. बसलेल्या माणसास तो असून नसल्यासारखा. तो टेबलावर आणावा. गरम भांडें मांडीवर ठेवून खुर्ची ढकलूं नये, कारण पाठीच्या कण्यास इजा झालेल्या पुष्कळांच्या मांड्यांना चटका कळत नाहीं. भांडें टेबलावरूनच सरकवीत न्यावें.

पोलिओनें पाय गेलेलीं कित्येक माणसें जमिनीवर बसूनच सर्व कामें करितात, आणि गॅसची शेगडीहि जमिनीवर घेतात. हें मात्र बंद झालें पाहिजे. शेगडी टाकीपेक्षां उंच जागीं असावी असा गॅसचा नियम आहे. शिवाय हा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर जमिनीवरच पसरतो. त्यांच्यासाठीं बुटक्या चौरंगावर इंडक्शनची शेगडी, व हात पोंचेल इतक्या उंचीवर विजेचें बटण, हीच योग्य मांडणी होय. टाकीचा प्रश्नहि त्यानें कांहींसा सुटतो. नेहमींच्या टाकींत १४.२ किलो गॅस, व लोखंडासह तिचें वजन ३० किलोंच्या घरांत जातें. ती अपंग माणसानें कशी हलवावी?

वीज आली म्हणजे तिची शिस्तहि आली. २००० वॅटची शेगडी साध्या लहान बटणावर चालवूं नये. तिला १६ अँपिअरची जोडणी लागते. ओल्या फरशीवर वावरणाऱ्या माणसाच्या घरीं वीज गळतांच प्रवाह तोडणारा स्विच अवश्य बसवून घ्यावा. आणि जेथें दिवसांतून चार वेळां वीज जाते त्या गांवीं सगळा स्वयंपाक विजेवर सोंपवूं नये. आपोआप पेटणारी गॅसची शेगडी सोबतीस असावी, ज्याला ती झेपेल त्यानें वापरावी.

दुकानांत जातांना ज्याच्यासाठीं वस्तु आणावयाची त्यास बरोबर न्यावें. दुकानदार बहुधा बरोबरच्या माणसाशींच बोलतो, त्यास शांतपणें म्हणावें, "यांच्याशीं बोला, वापरणार हे आहेत." खोक्यावरील चित्रावर भुलूं नये, नमुना बाहेर काढावयास सांगावा. झाकण दहा वेळां उघडावें व लावावें, पहिल्या वेळीं जमणारें दहाव्या वेळीं दुखतें कीं काय तें पाहावें. भांड्यांत पाणी भरून उचलून पाहण्याची परवानगी मागावी. न जुळल्यास किती दिवसांत परत घेणार तें पावतीवर लिहून घ्यावें.

वस्तु घरीं आल्यावर पहिले कांहीं दिवस गार पाण्यानेंच सराव करावा: भरणें, ठेवणें, उचलणें, ओतणें. हात बसला कीं मग वीज. त्या आठवड्यांत घरच्या माणसानें खोलींत असावें, पण हाताच्या अंतरावर नसावें. सांगितल्यावांचून झाकण लावूं नये, बटण दाबूं नये. पहिला चहा दोन कपांचाच करावा. चार कपांच्या पातेल्याचें वजन निराळें, त्याला उकळी येण्याचा वेळ निराळा, आणि दूध घातल्यावर वर चढणारा फेसहि निराळा. तें दुसऱ्या आठवड्याकडे ठेवावें.